रिचर्ड झिगमोंडी : सोने आणि डिंक

हिवाळ्यात घरोघर डिंकाचे लाडू होतात. तुपात टाकताच टरारून फुलणाऱ्या त्या डिंकाचा एका नोबेल पारितोषिकाशी काही संबंध असेल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. रिचर्ड झिगमोंडी यांचे चरित्र वाचताना तो उमगला.

झिगमोंडी यांचा जन्म १८६५ साली व्हिएन्ना येथे झाला. वडील दंतवैद्य होते. १८८० साली ते निवर्तले आणि मुलांचा सांभाळ मातोश्रींनी केला. भावांना गिर्यारोहणाचे वेड होते. थोरले बंधू एमिल १८८५ साली आल्प्समधील मेज शिखरावर प्राणास मुकले.

रिचर्ड रसायनशास्त्र शिकले. काचेला माणकासारखा तांबडा रंग सोन्यामुळे कसा येतो, या प्रश्नाने त्यांस पछाडले. १८९७ साली येना येथील शॉट यांच्या काच कारखान्यात ते लागले. परंतु १९०० साली ती स्थिर नोकरी सोडून ते खाजगी संशोधनात गढून गेले. हे धाडस आम्हांस गिर्यारोहणाहून कमी वाटत नाही.

सोन्याच्या क्षाराचे अतिविरल द्रावण उकळून त्यात फॉर्माल्डिहाइड घातले, की पाणी लालभडक होते. त्यासाठी पाणी इतके निर्मळ लागे, की ते चांदीच्या नळीतून ऊर्ध्वपातित करावे लागे. आता त्या पाण्यात सोने विरघळलेले असते, की त्याचे कण तरंगत असतात? नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून काहीच दिसत नसे. तेव्हा झाइस कारखान्यातील भौतिकीज्ञ झीडेन्टोफ यांच्या साहाय्याने झिगमोंडींनी प्रखर प्रकाश बाजूने सोडण्याची युक्ती केली. छपराच्या भोकातून कवडसा पडला, की एरवी न दिसणारी धूळ चमकते, तसेच हे. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या या अतिसूक्ष्मदर्शकाने काळोखात नाचणारे सुवर्णकण दाखविले. मिलिमीटरचे एक लक्ष भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढे कणही त्यांच्या टप्प्यात आले.

हे कण मोठे नाजूक. सारखाच विद्युद्भार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. मीठ घातले की तो भार निष्फळ होतो, कण गोळा होतात आणि लाल पाणी निळसर पडते. मात्र आधी थोडा डिंक घातला, तर त्याच्या शर्करांच्या लांब साखळ्या कणांभोवती लपेटतात आणि रंग टिकतो. झिगमोंडींनी याचे मापच ठरविले. सुवर्णद्रव १० घनसेंटिमीटर घ्यावा, त्यात दहा टक्क्यांचे मिठाचे पाणी १ घनसेंटिमीटर घालावे. रंग जेमतेम राखण्यास जितके मिलिग्रॅम संरक्षक द्रव्य लागेल, तो त्याचा सुवर्णांक. जिलेटिनास मिलिग्रॅमचा शतांश पुरे. आपल्या बाभळीच्या कुळातील आफ्रिकी झाडाच्या अरबी डिंकास पाव मिलिग्रॅमच्या आतबाहेर लागे. बटाट्याच्या पिठास तर २५ च्या आसपास!

वैद्यकास हे लवकरच उपयोगी पडले. १९१२ साली बर्लिन येथे कार्ल लांगे यांनी रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील द्रव सुवर्णद्रवात मिसळून, रंग कसा पालटतो त्यावरून मज्जासंस्थेचे विकार ओळखण्याची परीक्षा बसविली.

झिगमोंडी १९०८ पासून गटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक होते. १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. १९२९ च्या आरंभी ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निधन पावले.

रक्तातही मीठ असतेच. म्हणून औषधाचे धातुकण शरीरात घालावयाचे तर त्यांस असेच पांघरूण हवे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात किरणोत्सर्गी सोन्याचे कण अरबी डिंकात राखून कर्करोगाच्या गाठींवर प्राण्यांत प्रयोग झाले आहेत. ते उंदरांपासून आरंभून पुढे कुत्र्यांपर्यंत पोचले.