गावोगावचे शिलालेख वाचणारे शाळा तपासनीस : बेंजामिन लुईस राइस

म्हैसूर संस्थानातील खेड्यापाड्यांच्या इतिहासाचा पाया ज्यांनी घातला, त्या बेंजामिन लुईस राइस यांचे नाव कन्नड अभ्यासकांच्या तोंडी आजही आदराने येते. मराठी घरांत मात्र ते फारसे घेतले जात नाही. वास्तविक श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशी जी मराठी अक्षरे कोरलेली आहेत, आणि मराठी भाषेच्या जन्माची कथा सांगताना शाळेच्या पुस्तकांनी ज्यांचा वर्षानुवर्षे उल्लेख केला, ती आपल्या ग्रंथात नोंदवणारे हेच राइस होत. श्रवणबेळगोळच्या शिलालेखांचा त्यांचा ग्रंथ १८८९ साली निघाला. ती अक्षरे मूर्तीच्या काळची की नंतरची, यावर पुढे विद्वानांत पुष्कळ वाद झाले. कालाची निश्चित नोंद असलेला सर्वांत जुना मराठी लेख म्हणून आता अलिबागजवळील आक्षीचा १०१२ सालचा शिलालेख मानण्याकडे कल आहे. तरीही चामुंडरायाने ही मूर्ती करविली, हे चार भाषकांच्या वर्दळीच्या त्या तीर्थक्षेत्री मराठीत कोणाला तरी लिहावेसे वाटले, ही गोष्ट म्हैसूरच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला विसरता येण्यासारखी नाही.

राइस यांचा जन्म १७ जुलै १८३७ रोजी बंगळुरात झाला. वडिलांचे नावही बेंजामिन राइस. ते लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक. कन्नड भाषेवर त्यांचे प्रभुत्व होते आणि कन्नड शाळांच्या कामात त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे घालवली. १८८७ साली त्यांनी देह ठेवला तोही बंगळुरातच. अव्हेन्यू रोडच्या गर्दीत उभे असलेले राइस मेमोरियल चर्च त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

इंग्रज कुळात जन्मलेल्या या मुलाचे पहिले गाव असे हे बंगळूर. ज्या पेठेच्या आसपास तो वाढला, तेथेच दोनशे वर्षांपूर्वी शहाजीराजांचा मुक्काम होता आणि बाल शिवाजीही काही काळ तेथे राहून गेले होते. घरात इंग्रजी, दाराबाहेर कन्नड, बाजारात तेलुगू, तमिळ, दख्खनी आणि मराठी, असे त्या गावाचे बोलणे. त्या काळी हिंदुस्थानात राहणारे इंग्रज मायदेशाला घर म्हणत आणि आपल्या बालपणीच्या खेड्यांच्या आठवणींत रमत. चर्चचे अंगण, गावचे तळे, सुगीचे दिवस यांवर त्यांची पत्रे भरून वाहत. लहानग्या लुईसच्या बाबतीत हे चित्र उलटे होते. प्रथेप्रमाणे शिक्षणासाठी त्याला इंग्लंडला धाडण्यात आले तेव्हा तो परक्या देशात निघाला होता, आणि मागे सुटले होते ते त्याचे स्वतःचे गाव. सुएझचा कालवा तेव्हा व्हायचा होता. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील प्रवास महिनोन् महिन्यांचा होता.

इंग्लंडात गावाचा इतिहास लिहिण्याची जुनी परंपरा आहे. चर्चमधील जन्ममृत्यूच्या नोंदी, थडग्यांवरील लेख, जुनी खते यांच्या आधाराने गावचे धर्मगुरू आपल्या परगण्याची हकीकत लिहीत. गिल्बर्ट व्हाइट यांनी सेल्बर्न या एका खेड्यावर लिहिलेले १७८९ सालचे पुस्तक तर तेथे घरोघरी वाचले गेले. गाव लहान असले तरी त्याला इतिहास असतो, हा संस्कार त्या देशाच्या हवेतच होता. राइस यांनी पुढे तीच दृष्टी कावेरी आणि तुंगभद्रेच्या काठच्या खेड्यांकडे वळवली.

१८६० साली ते बंगळूर हायस्कूलचे प्राचार्य होऊन परतले. हीच शाळा पुढे सेंट्रल कॉलेज झाली. १८६५ च्या सुमारास त्यांच्याकडे म्हैसूर व कोडगू येथील शाळांच्या तपासणीचे काम आले आणि पुढे शिक्षण खात्याची सूत्रेही आली. शाळांच्या क्षेत्रातील त्यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे १८६८ सालची होबळी शाळांची योजना. होबळी म्हणजे तालुक्याचा पोटविभाग, थोडक्यात काही गावांचा पुंजका. अशा प्रत्येक पुंजक्याला एक सरकारी शाळा असावी, शाळेसाठी घर गावकऱ्यांनी द्यावे आणि मास्तर शक्यतो त्याच मुलखातला निवडून त्याला शिकवून तयार करावा, असा तिचा रोख होता. शहरापुरते मर्यादित असलेले शिक्षण खेड्याच्या चावडीपर्यंत नेण्याची ही खटपट होती, आणि तिच्यामागे वडिलांचा वारसा उघड दिसतो.

शाळा तपासनिसाची नोकरी म्हणजे वर्षातले कित्येक महिने फिरती. आगगाडी मोजक्याच ठिकाणी पोचलेली. बाकी सारा प्रवास घोड्यावर किंवा बैलगाडीतून. मुलांची परीक्षा आटोपली, हजेरीपट पाहिला, मास्तरांना दोन शब्द सांगितले, की तपासनिसाचा दिवस संपला. राइस यांचा दुसरा दिवस तेथून सुरू होई. देवळाच्या भिंतीवर, पाराजवळ, तळ्याच्या बांधावर, शेताच्या कडेला अक्षरे कोरलेल्या शिळा उभ्या असत. काही दान दिल्याच्या, काही गाईगुरे सोडवताना पडलेल्या वीरांच्या, काही सती गेलेल्या स्त्रियांच्या. गावकरी त्यांना शेंदूर फासत, त्यांवर धुणे आपटत, नाही तर त्यांखाली धन पुरलेले आहे अशा समजुतीने त्या उखडून पाहत. मजकूर वाचणारा मात्र कोणी उरला नव्हता, कारण लिपी बदलली होती.

मेजर डिक्सन या लष्करी अधिकाऱ्याने १८६५ साली म्हैसूर मुलखातील काही शिलालेखांची छायाचित्रे घेतली होती. ती वाचण्याचे काम राइस यांच्याकडे आले आणि त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. जुन्या कन्नडचे जाणकार पंडित हाताशी धरून त्यांनी अक्षर अक्षर लावले. त्यातून १८७९ साली त्यांचा पहिला शिलालेखसंग्रह निघाला. त्याआधीच, १८७६ पासून, त्यांनी म्हैसूर व कोडगूचे गॅझेटिअर सिद्ध केले होते. तालुका घ्यावा, गाव काढावे आणि तेथली नदी, पीक, बाजाराचा दिवस, देऊळ, दंतकथा सारे काही सापडावे, असा तो ग्रंथ आहे. त्याच वर्षांत या मुलखावर भीषण दुष्काळ कोसळला. १८७१ च्या शिरगणतीत सुमारे ५० लाख असलेली लोकसंख्या १८८१ मध्ये सुमारे ४२ लाखांवर आली. ही दुसरी शिरगणती आणि तिचा अहवाल राइस यांच्याच हातचा. ज्या गावांची भरभराट त्यांनी नोंदवली होती, त्यांची ओस पडलेली घरेही त्यांनाच मोजावी लागली. गॅझेटिअर वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

१८८१ साली संस्थान पुन्हा वडियार घराण्याच्या हाती आले आणि चामराजेंद्र महाराज गादीवर बसले. त्यानंतर राइस यांच्याकडे पुराणवस्तुसंशोधनाचे खाते सोपवण्यात आले. आता त्यांनी जिल्हावार काम हाती घेतले. ठसा घेण्याची रीत साधी पण कष्टाची असते. शिळा घासून धुवायची, तिच्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशाने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, मग वरून शाई फिरवायची. अशा ठशांवरून वाचन, मग रोमन आणि कन्नड लिपीत पाठ, मग भाषांतर. १८८६ साली कोडगूचा पहिला खंड निघाला आणि १९०५ पर्यंत बारा खंड पुरे झाले. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या नावाच्या त्या मालेत सुमारे नऊ हजार लेख आहेत. म्हैसूर जिल्ह्याचे दोन खंड १८९४ आणि १८९८ सालचे.

या हजारो लेखांत राजांच्या विजयांपेक्षा खेड्याचे जीवन अधिक भेटते. तळे कोणी खोदले, देवाच्या दिव्याला तेल कोणी लावून दिले, वाटसरूंसाठी पाणपोई कोणी घातली, चोरांशी झुंजताना कोण पडले. आतकूर या गावचा लेख त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. हे गाव आजच्या मंड्या जिल्ह्यात येते. शिळेचा काळ इसवी सन ९४९-५०. मान्यखेटच्या राष्ट्रकूट कृष्णराजाने चोळांचा पराभव केला, त्या युद्धात पराक्रम गाजवलेल्या मणलेर नावाच्या वीरावर राजा प्रसन्न झाला. काय हवे ते माग, असे म्हटल्यावर मणलेराने काळी नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे एका दांडग्या रानडुकराशी झुंजताना काळी आणि ते डुक्कर दोघेही मेले. मणलेराने देवळासमोर कुत्र्याचे स्मारक उभारले आणि त्याच्या पूजेसाठी जमीनही दिली. शिळेवर कुत्रा आणि डुक्कर यांची झटापट कोरलेली आहे. दक्षिणेच्या इतिहासातील एका मोठ्या लढाईचा पुरावा अशा रीतीने एका कुत्र्याच्या वीरगळावर जपला गेला. ती शिळा आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

१८९२ साली चित्रदुर्ग भागातील ब्रह्मगिरी आणि त्याच्या आसपासच्या खडकांवर राइस यांना अशोकाचे लेख सापडले. मौर्यांची सत्ता इतक्या दक्षिणेला पोचली होती, याचा तो म्हैसूर मुलखातील पहिला भक्कम पुरावा. लेख कोरणाऱ्या चपड नावाच्या लेखनिकाने शेवटी आपल्या पेशाचा शब्द वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीत लिहिला होता. लेखांत राजाला देवांचा प्रिय म्हटले आहे, अशोक हे नाव नाही. ते मस्कीच्या शिलालेखात वाचायला मिळाले, तोवर १९१५ साल उजाडले होते.

राइस यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असे नाही. मुंबई इलाख्यात जॉन फेथफुल फ्लीट हे मोठे लेखवाचक होते. तेही एकेकाळी बेळगावच्या दक्षिण विभागात शिक्षण खात्याचे तपासनीस होते, हा एक मौजेचा योगायोग. गंग राजांच्या म्हणून राइस यांनी प्रसिद्ध केलेल्या अनेक ताम्रपटांवर फ्लीट यांनी बनावटीचा शिक्का मारला. चंद्रगुप्त मौर्य अखेरच्या दिवसांत श्रवणबेळगोळला आला, ही जैन परंपरा राइस खरी मानत, तीही फ्लीट यांना मान्य नव्हती. वाद वर्षानुवर्षे चालला. काही बाबतींत फ्लीट यांची शंका रास्त होती, कारण इनाम टिकवण्यासाठी खोटे ताम्रपट करून ठेवण्याची चाल जुनी आहे. परंतु पुढे मिळालेल्या अस्सल पटांनी गंगांची वंशपरंपरा अगदीच कल्पित नव्हती हेही दाखवून दिले. राइस यांचा ओढा गावाच्या परंपरेवर विश्वास ठेवण्याकडे होता. तो त्यांचा दोष होता आणि त्यांच्या चिकाटीचे मूळही तेच होते.

जुन्या कन्नड ग्रंथांच्या प्रकाशनाची मालाही त्यांनी चालवली. तिच्यात ‘कविराजमार्ग’ हा सर्वांत जुना उपलब्ध कन्नड ग्रंथ १८९८ साली आला, तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक काशिनाथ बापू पाठक यांच्या संपादनाने. कावेरीपासून गोदावरीपर्यंत कन्नड प्रदेश सांगणारा तो ग्रंथ पुण्यातील एका पंडिताने शोधून मांडावा आणि म्हैसूर सरकारने छापावा, असे ते दिवस होते. संस्थानाच्या जुन्या दफ्तरांतही कन्नडबरोबर मराठी वापरात होती, हे येथे सांगितले पाहिजे.

बारा खंड पुरे झाले तेव्हा इंग्लंडातही परगण्यांच्या इतिहासाची मोठी माला सुरू होऊन थोडीच वर्षे झाली होती. तिला १८९९ मध्ये आरंभ झाला. तिकडे ते काम अनेक विद्वानांनी वाटून घेतले होते. इकडे एक अधिकारी आणि त्याचे मूठभर पंडित एवढ्यांनी ते उरकले. त्यांपैकी आर. नरसिंहाचार यांनी १९०६ मध्ये राइस निवृत्त झाल्यावर खात्याची धुरा उचलली. राइस यांनी वाचलेल्या कित्येक शिळा पुढे घरांच्या पायांत, रस्त्याच्या खडीत आणि तलावांच्या पाण्यात गेल्या. त्यांचा मजकूर आता केवळ या खंडांत उरला आहे. १९७० नंतर म्हैसूर विद्यापीठाने ही माला सुधारून पुन्हा काढावयास घेतली, ती याच पायावर.

निवृत्तीनंतर राइस लंडनजवळच्या हॅरो या गावी राहिले. टेकडीवरील त्या गावची शाळा जगप्रसिद्ध. जवाहरलाल नेहरू त्याच सुमारास तेथे विद्यार्थी होते. १९०९ साली राइस यांनी शिलालेखांच्या आधारे म्हैसूर आणि कोडगूचा इतिहास लिहून हातावेगळा केला. जन्मगाव सोडल्यावरही ते लिहीत होते ते त्याच मुलखावर. १० जुलै १९२७ रोजी हॅरो येथे त्यांचे निधन झाले. नव्वद वर्षे पुरी होण्यास सात दिवस उरले होते.