सासवण्याचे शिल्पकार : विनायकराव करमरकर
— द्वितीय वर्ष, कला

आपल्या रायगड जिल्ह्याची थोर माणसे कोण, असे कोणी विचारले तर आपण चटकन नावे सांगतो. पेण तालुक्यातील गागोद्याचे विनोबा, रोह्याचे चिंतामणराव देशमुख ही नावे शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरींमुळे आपल्या तोंडात बसलेली असतात. परंतु ज्यांनी पुण्याच्या अश्वारूढ शिवछत्रपतींच्या पुतळ्याला आकार दिला, ते शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर आपल्याच जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या सासवणे गावचे, हे मला स्वतःला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हते. माझ्यासारखे आणखी काही जण असतील असे समजून हा लेख लिहिण्याचे धाडस केले आहे.

विनायकरावांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवणे येथे झाला. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. सासवणे म्हणजे किहीम, आवास आणि मांडवा यांच्या ओळीतले समुद्रकाठचे गाव. मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे खारी हवा, आणि पाण्यापलीकडे मुंबई. विनायकरावांच्या वडिलांचा हात मातीच्या कामात बसलेला होता. ते गणपतीच्या मूर्ती करीत. मातीचा गोळा कसा मळायचा, सोंडेचा बाक कसा काढायचा, हे त्या मुलाने कोणत्याही शाळेत जाण्यापूर्वी घराच्या पडवीतच पाहिले. ज्याचे नावच विनायक, त्याच्या हाताला पहिली माती गणपतीची लागली!

आम्हा पेणकरांना यात नवल वाटण्यासारखे काही नाही. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या बाजूला घराघरांत मूर्ती होतात, आणि हाताला माती लागलेली पोरे आमच्याकडे शेकड्यांनी सापडतील. मग त्यांतून एखादाच करमरकर का होतो? हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना माझ्या मनात सारखा येत राहिला.

त्याचे एक उत्तर त्यांच्या बालपणीच्या एका प्रसंगात आहे. विनायकाने गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. त्या वेळी ऑटो रॉथफील्ड नावाचे इंग्रज सनदी अधिकारी कुलाब्याचे कलेक्टर होते. कलेची आवड असलेले हे गृहस्थ होते. पुढे भारतीय स्त्रियांवर त्यांनी जे पुस्तक लिहिले त्याला आपले नामवंत चित्रकार म. वि. धुरंधर यांची चित्रे आहेत. फिरतीवर असताना या साहेबांच्या नजरेस ते भिंतीवरचे चित्र पडले. चित्र कोणी काढले याची त्यांनी चौकशी केली, मुलाला गाठले, आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्याच्या शिक्षणाची सोय करून दिली.

आता विचार करा. परक्या सत्तेचा अधिकारी, आणि चित्र कोणाचे, तर शिवाजी महाराजांचे! साहेबाने पाठ फिरवली असती तरी कोणी त्याला नावे ठेवली नसती, आणि दोन पावसाळ्यांत ती भिंत धुऊन निघाली असती. परंतु त्याने चित्राखालचा हात ओळखला. एका माणसाने थांबून पाहिले म्हणून एका मुलाचे आयुष्य वळले.

१८५७ साली स्थापन झालेल्या त्या कलाशाळेत विनायकरावांनी शिल्पकलेचा रीतसर अभ्यास केला. सासवण्यात अंदाजाने केलेले काम इथे मोजमापाने करायचे होते. शरीरशास्त्र, हाडांची जुळणी, स्नायूंची ठेवण, आणि तासन्‌तास समोरच्या वस्तूवरून रेखाटन. शिक्षण संपल्यावर सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने ते कलकत्त्याला गेले आणि तेथे त्यांनी आपला स्टुडिओ थाटला. सासवण्याचा मुलगा बंगालमध्ये जाऊन, परक्या भाषेच्या मुलखात व्यक्तिशिल्पे करू लागला. १९२० साली ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत त्यांनी पुढचे शिक्षण घेतले. तेथून परतले ते पक्के शिल्पकार होऊनच.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम म्हणजे पुण्याचे शिवस्मारक. या स्मारकामागे कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची प्रेरणा होती. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी शाहू महाराज निवर्तले आणि काम लांबत गेले. अखेर पुतळ्याची जबाबदारी करमरकरांवर आली.

पुतळा करणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे, कारण मलाही ते नवे होते. आधी लोखंडी सांगाड्यावर माती चढवून आकृती घडवतात. ती मनासारखी झाली की तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेतात. मग खास साच्यात वितळलेले ब्राँझ, म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू, ओततात. मातीत चूक झाली तर अंगठ्याने पुसता येते. धातूत तसे करता येत नाही. त्यातून अश्वारूढ पुतळा म्हणजे घोडा आणि स्वार या सगळ्यांचे वजन घोड्याच्या बारीक पायांवर पेलायचे असते. करमरकरांनी हा सुमारे साडेतेरा फूट उंचीचा पुतळा मुंबईत माझगावला एकसंध ओतवून घेतला, आणि तो अवाढव्य पुतळा घाटमाथ्यावर पुण्याला नेण्यात आला. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज रेखाटणाऱ्या मुलाने सदतिसाव्या वर्षाच्या आतच त्याच महाराजांना ब्राँझमध्ये उभे केले! आज पुण्यात शिवाजीनगर भागातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो पुतळा आहे.

एवढ्या कीर्तीनंतर माणूस शहराचा होऊन जातो. करमरकर मात्र सासवण्याला विसरले नाहीत. राजे आणि पुढारी यांचे पुतळे ही त्यांची मागणीवरची कामे होती, परंतु स्वतःच्या आनंदासाठी त्यांनी जी शिल्पे केली त्यांत आपल्या किनाऱ्यावरची माणसे आहेत. ‘मत्स्यगंधा’तील कोळीण आहे, शंख फुंकणारा ‘शंखध्वनी’ आहे, गावातली साधी बाया-माणसे आहेत, आणि एक म्हैससुद्धा आहे. ब्राँझ महाग, संगमरवर त्याहून अवघड, म्हणून त्यांनी सिमेंटमध्येही शिल्पे केली. ज्या सिमेंटने आपण गटारे आणि ओटे बांधतो त्यातून कातडीची सुरकुती आणि लुगड्याची चुणी त्यांनी काढून दाखवली. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९६७ साली त्यांचे निधन झाले.

इथे चरित्र संपायला हवे. परंतु शिल्पकाराचे चरित्र त्याच्या मृत्यूपाशी संपत नाही, हे मला सासवण्याला गेल्यावर समजले.

गणपतीचा हंगाम आटोपल्यावर एका रविवारी मी आणि बाबा सासवण्याला गेलो. पेणहून वडखळ, पोयनाड करीत अलिबाग, आणि तेथून मांडव्याकडे जाणारी एस.टी. विनायकरावांचे राहते घर आता शिल्पालय झाले आहे. त्यांच्यामागे घरच्यांनी ही शिल्पे विकून टाकली नाहीत की अडगळीत लोटली नाहीत. ती एकत्र ठेवली, जपली आणि लोकांना पाहायला दिली.

जपली हा शब्द मी सहज लिहिला, पण समुद्रकाठी शिल्प जपणे हे केवढे काम आहे! खाऱ्या हवेतले मीठ ब्राँझवर बसते आणि धातूला हिरवट रोग लावून तो आतून खाते. सिमेंटच्या शिल्पात आधाराला लोखंडी गज असतात. ओल आत शिरली की गज गंजतो, गंजला की फुगतो, आणि फुगला की वरचे सिमेंट तडकते. प्लास्टर तर पावसाळ्याची ओल टिपकागदासारखे पिते. ओल्या फडक्याने पुसावे तर धूळ बारीक भेगांत जाऊन बसते, म्हणून कोरड्या मऊ कुंचल्याने हलकेच झाडायचे. येणाऱ्यांनी हात लावू नये म्हणायचे तेही उगीच नाही. आपल्या घामात मीठ असते आणि हजार हातांनी नाकाचे टोक झिजते. शिल्पकार एकदा घडवतो. जपणाऱ्याला दर पावसाळ्यात नव्याने काम असते.

मी वही आणि पेन्सिल नेली होती. परवानगी विचारून एका कोपऱ्यात म्हशीचे रेखाटन करीत बसले. पहिल्या दोन कागदांवर जे उमटले त्याला म्हैस म्हणणे हा त्या जनावराचा अपमान झाला असता. मी आधी शिंगे काढली, मग डोळे, मग कान. बाबा बराच वेळ माझ्यामागे उभे होते. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि कण्याची एकच लांब रेघ ओढली, पोटाचा भार कुठे आहे तिथे दुसरी, आणि वही परत दिली. तेवढ्यानेच कागदावर जनावराचे वजन आले. पुढचे मी त्यांच्या दोन रेघांवर बांधीत गेले. नुसते पाहताना मला जे दिसले नव्हते ते काढताना दिसले. करमरकरांनी केस कोरलेच नव्हते. हाडे जागच्या जागी बसवली होती, आणि केस आपले डोळे आपोआप पाहत होते.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. माझे बाबा पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात रोजावर काम करतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हे त्यांचे काम. तीस-बत्तीस वर्षांत त्यांनी किती गणपतींना दृष्टी दिली असेल याचा हिशेब नाही. परंतु त्यांतला एकही आज नाही. सगळे पाण्यात गेले. तसे ते जायचेच असतात, हा आपला धर्म आणि आपली रीत, त्याबद्दल खंत नाही. पण आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. प्रवेशअर्जावर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘शेती’ असे लिहिले होते. आमची शेती म्हणजे खाडीकाठचा एक तुकडा, त्यावर घर चालत नाही. घर चालते ते बाबांच्या कुंचल्यावर. तरीही शिकलेल्या लोकांच्या कागदावर ते लिहायची मला लाज वाटली होती.

सासवण्याच्या त्या घरात मला तो रकाना आठवला. ज्यांच्या कामापुढे आम्ही चपला काढून उभे होतो, तेही एका गणपती करणाऱ्याचेच पुत्र होते. विनायकरावांच्या वडिलांच्या मूर्तीही पाण्यातच गेल्या असणार. मुलाच्या हाताला पाहणारा भेटला, शिक्षण मिळाले, आणि मागे जपणारी माणसे राहिली, म्हणून तो हात आज आपल्याला दिसतो. यांतले एक जरी नसते तरी करमरकर हे नाव आपल्या कानावर आले नसते. माझ्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. हात पुष्कळ असतात. थांबून पाहणारे आणि मागे जपणारे थोडे असतात.

परतीच्या एस.टी.त बाबा फारसे बोलले नाहीत. खिडकीतून बाहेर पाहत ते अंगठ्याने बोटाच्या पेरावर काहीतरी आखीत होते. यंदा द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना मी त्या रकान्यात ‘मूर्तिकाम, डोळ्यांची आखणी’ असे स्पष्ट लिहिले. आणि श्रावणात कारखान्यातून मूर्ती बाहेर पडण्यापूर्वी बाबांनी आखलेल्या डोळ्यांची रेखाटने वहीत करून ठेवायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत सतरा झाली. तारीख आणि नाव खाली घालते.

माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. सहलीला आपण लांबलांब जातो. एकदा सासवण्यालाही जा. शिल्पांना हात लावू नका, पण वही-पेन्सिल जरूर न्या आणि एखादे शिल्प समोर बसून काढून पाहा. चांगले आले नाही तरी चालेल. माझ्या पहिल्या दोन म्हशी मी अजून जपून ठेवल्या आहेत.

आपल्या जिल्ह्याच्या या थोर शिल्पकाराच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन!