केळुसकरांची भेट आणि अलीपूर रोडवरील ग्रंथ

दिल्लीच्या सिव्हिल लाइन्स भागात २६, अलीपूर रोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराच्या या वास्तूचे उद्घाटन २०१८ मध्ये झाले. पूर्वी येथे सिरोहीच्या महाराजांचा बंगला होता. कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर १९५१ मध्ये बाबासाहेब तेथे राहावयास आले. आयुष्याच्या या शेवटच्या पर्वात त्यांनी गौतम बुद्धांचे चरित्र लिहिले.

या लेखनाचे मूळ मात्र मुंबईत आहे. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव शिक्षक आणि चरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या नजरेस पडला. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाचे हे यश इतके दुर्मीळ होते की सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा भरली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. घरी सुभेदार रामजींच्या शिस्तीत रामायण-महाभारताचे पठण होत असे. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलगा वडिलांना त्या ग्रंथांविषयी प्रश्न विचारू लागला. पुढे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीसाठीही केळुसकरांनीच शब्द टाकला.

कोलंबिया, लंडन, महाड आणि गोलमेज परिषद हा प्रवास सर्वपरिचित आहे. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते स्वीकारून बाबासाहेब दिल्लीत आले. १९४६ मध्ये त्यांनी शूद्रांच्या उगमावरील आपला ग्रंथ महात्मा फुले यांना अर्पण केला. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते व विद्वान डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या त्यांच्या अर्जाची प्रत मागवली. दोन खंडांतील समदुःखितांचा हा पत्रव्यवहार मराठीत अजूनही फारसा चर्चिला गेलेला नाही.

अलीपूर रोडवर मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना जर्जर केले होते. दृष्टीही मंदावली होती. तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या इंग्रजी ग्रंथाचे काम थांबले नाही. छपाईचा खर्च सुमारे २० हजार रुपये होता. शासनाने ग्रंथालयांसाठी ५०० प्रती विकत घ्याव्यात, अशी विनंती त्यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंना केली. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी राखलेली रक्कम संपल्याचे उत्तर आले. महिनाभरात, १४ ऑक्टोबर रोजी, त्यांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली.

५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी सहायक नानकचंद रत्तू यांच्याकडून ग्रंथाच्या प्रास्ताविकाचे कागद मागवून घेतले. ६ डिसेंबरच्या सकाळी ते झोपेतच निवर्तल्याचे दिसून आले. ग्रंथ १९५७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. केळुसकरांच्या त्या भेटीची आठवण ज्या प्रस्तावनेत त्यांनी नोंदवली होती, ती मात्र पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. भगवान दास यांनी ती १९८० मध्ये प्रकाशात आणली.