सेनापती बापू गोखले

मुलांनो, पुण्याजवळचे खडकी हे गाव तुम्हांला ऐकून ठाऊक असेल. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी तेथे मोकळ्या माळावर हजारो घोडेस्वार उभे होते. त्यांचे सेनापती होते बापू गोखले.

बापूंचे मूळ नाव नरहर. ते कोकणातले. त्यांचे चुलते धोंडोपंत हे पेशव्यांचे सरदार होते. इ. स. १८०० मध्ये धोंडजी वाघाशी लढताना धोंडोपंत मारले गेले आणि त्यांची फौज बापूंकडे आली. धोंडजीवरच्या मोहिमेत बापू इंग्रजांच्या बरोबर होते. पुढे ज्यांच्याशी लढायचे, त्यांच्या तोफा आणि त्यांची शिस्त बापूंनी तेव्हाच जवळून पाहिली.

जून १८१७ च्या तहाने इंग्रजांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा पुष्कळ मुलूख घेतला. त्यातूनच हे युद्ध पेटले.

खडकीला बापू प्रत्येक पथकाजवळ गेले. कोणाला धीर दिला, कोणाला डिवचले. मग निवडक सहा हजार स्वार भरधाव सुटले. (फौज, सवार, मैदान हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत, नाही का?) पण वाटेत खोल चिखल होता. दौडत्या घोड्यांना तो कसा दिसणार? पुढचे घोडे त्यात कोसळले, मागचे त्यांच्यावर आदळले. समोरून इंग्रजांच्या बंदुका सुरू झाल्या. बापूंचा घोडा जखमी झाला. मोरो दीक्षित ठार झाले. हल्ला फसला.

त्यानंतर पेशवे फौजेसह गावोगाव फिरत राहिले. डिसेंबरात ते आपल्या जुन्नरच्या मुलखातही आले होते. बापू सतत त्यांच्या पाठीशी होते.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूरकडील आष्टी येथे जनरल स्मिथ अचानक चालून आला. पेशवे तेव्हा भोजनाला बसले होते. शत्रू इतका जवळ आलाच कसा, म्हणून त्यांनी बापूंनाच दोष दिला, असे सांगतात. बापूंनी वाद घातला नाही. पेशव्यांना निसटायला वेळ मिळावा म्हणून ते थोड्या स्वारांनिशी इंग्रजांच्या घोडदळावर तुटून पडले. स्मिथच्या डोक्याला जखम झाली. बापूंच्या अंगावर गोळ्यांच्या आणि तलवारीच्या जखमा होत्या. घोड्यावरून पडल्यावर त्यांनी अंगावरची शाल ओढून घेतली आणि प्राण सोडला.

तोवर पेशवे दूर गेले होते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह मात्र त्याच दिवशी इंग्रजांच्या हाती लागले. जून १८१८ मध्ये पेशवेही इंग्रजांच्या स्वाधीन झाले.