विश्लेषण : डोळ्यांनी न दिसणाऱ्या वादकाचे नृत्यसंगीत ४५० वर्षांनंतरही कसे टिकले?

सोळाव्या शतकात स्पेनच्या दरबारात नृत्याच्या धुनांवर वादक जे वाजवत, त्यातले बरेचसे जागेवर सुचलेले असे आणि तिथेच विरून जाई. तरीही अंतोनियो दे काबेसोन या अंध ऑर्गनवादकाच्या रचना आज वाजवल्या जातात. त्यामागे आहे त्यांच्या मुलाने छापलेले आकड्यांचे एक पुस्तक.

काबेसोन कोण होते?

त्यांचा जन्म १५१० मध्ये उत्तर स्पेनमधील बुर्गोस परिसरातल्या एका खेड्यात झाला. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली. मात्र १५२६ मध्ये, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, ते सम्राट चार्ल्स पाचवा यांची पत्नी इसाबेल हिच्या सेवेत दाखल झाले. १५३९ मध्ये राणीचे निधन झाल्यावर ते तिच्या मुलांकडे राहिले. त्यातलाच राजपुत्र फिलिप पुढे स्पेनचा राजा झाला. काबेसोन अखेरपर्यंत त्याच्या पदरी होते.

ते कुठे कुठे गेले?

१५४८ ते १५५१ या काळात फिलिपच्या लवाजम्यासोबत त्यांनी इटली, जर्मनी आणि नेदरलँड्स पाहिले. १५५४ मध्ये फिलिपचे लग्न इंग्लंडच्या राणी मेरीशी झाले, तेव्हा ते लंडनच्या दरबारातही पोहोचले. या प्रवासांमुळे त्यांचे वादन परदेशी संगीतकारांच्या कानावर पडले. इंग्लिश संगीतावर त्याचा किती प्रभाव पडला, याची चर्चा अभ्यासक आजही करतात.

नृत्याच्या धुनेचे ते काय करत?

त्या काळी दोन नाच विशेष लोकप्रिय होते. ‘पावाना’ संथ, दोनाच्या लयीत, मिरवणुकीसारखा चालणारा. ‘गायार्दा’ तीनाच्या लयीत, उड्या घेत नाचायचा. काबेसोन अशी ओळखीची धून घेत आणि ती पुन्हा पुन्हा वाजवत. दर आवर्तनात स्वरांची गुंफण बदले. कधी धून वरच्या स्वरात असे, कधी खालच्या, तर कधी जलद स्वरांच्या ओळीत लपलेली. धुनेचा सांगाडा मात्र कायम राही. या प्रकाराला स्पॅनिशमध्ये ‘दिफेरेन्सियास’ म्हणजे ‘फरक’ म्हणतात. ‘पावाना इतालियाना’ आणि ‘गायार्दा मिलानेसा’ यांवरच्या त्यांच्या रचना प्रसिद्ध आहेत.

मग हे संगीत लिहिले कसे गेले?

त्यांच्या काही रचना १५५७ मध्ये वेनेगास दे एनेस्त्रोसा यांच्या संग्रहात छापून आल्या होत्या. काबेसोन यांचे २६ मार्च १५६६ रोजी माद्रिदमध्ये निधन झाले. दरबारातली त्यांची जागा मुलगा एर्नान्दो याला मिळाली आणि १५७८ मध्ये त्याने वडिलांच्या रचनांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला.

त्यातली लिपी साधी होती. ‘फा’ स्वराला १, ‘सोल’ला २, असे करत ‘मी’ला ७. सप्तक वरचे की खालचे, हे आकड्याला जोडलेल्या छोट्या खुणेवरून कळे. प्रत्येक आवाजाला स्वतंत्र आडवी ओळ, म्हणजे चार आवाजांना चार ओळी. त्यामुळे एकाच पानावरून ऑर्गन, हार्प किंवा गिटारसारखे ‘विउएला’ हे वाद्य वाजवणे शक्य झाले.

पुस्तकात सगळे आले का?

नाही. वडील शिष्यांना जे धडे देत, त्यांतले उरलेसुरले आपण गोळा केले आहे, असे एर्नान्दोने प्रस्तावनेत सूचित केले. मोठ्या सभेत त्यांनी उत्स्फूर्तपणे जे वाजवले, ते कागदावर आलेच नाही. आज मैफलींत ऐकू येतो तो काबेसोन यांचा शिकवणीतला भाग. तरीही त्यांची गणना युरोपातील थोर ऑर्गनवादकांत होते. पुस्तक निघाले नसते, तर या संगीतातले बरेचसे त्यांच्यासोबतच संपले असते.