शाळामास्तर जॉन डाल्टन

रसायनशास्त्राच्या वर्गांत पाऊल टाकतांच विद्यार्थ्यास मूलद्रव्य, परमाणु व परमाणुभार हे शब्द भेटतात. ते पाठ करणें सोपें आहे. परंतु कोणत्या विचारानें ते शास्त्रांत स्थिरावले, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून ज्या शाळामास्तरांनीं परमाणूस प्रथम तराजूंत घातलें, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जॉन डाल्टन यांचा जन्म इ. स. १७६६ सालीं इंग्लंडांतील कंबरलंड परगण्यांत, ईगल्सफील्ड नांवाच्या खेड्यांत, एका विणकराच्या घरीं झाला. घरची गरिबी होती. म्हणून वयाच्या बाराव्या वर्षींच ते गांवच्या मुलांस शिकवूं लागले. ते क्वेकर पंथाचे असल्यामुळें ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज येथील पदवी त्यांस मिळण्यासारखी नव्हती. तरी त्यांचा विद्याव्यासंग सुटला नाहीं. इ. स. १७८७ पासून त्यांनीं हवामानाची रोजनिशी लिहिण्यास आरंभ केला व ती ५७ वर्षें चालविली.

इ. स. १७९३ मध्यें ते मँचेस्टरास अध्यापक म्हणून गेले. पुढें ती नोकरी सोडून खाजगी शिकवण्यांवर ते निर्वाह करूं लागले. हवेचा अभ्यास करतां करतां, निरनिराळे वायु एकमेकांत कसे मिसळतात, या प्रश्नानें त्यांस परमाणूंच्या विचाराकडे नेलें.

परमाणूची कल्पना नवी नव्हती. ग्रीक तत्त्वज्ञांनीं व आपल्याकडे कणादांनीं ती पूर्वींच मांडली होती. डाल्टन यांचें वैशिष्ट्य हें कीं, प्रत्येक मूलद्रव्याच्या परमाणूस ठराविक वजन असतें, असें त्यांनीं प्रतिपादिलें. ३ तोळे कार्बनाशीं ४ तोळे ऑक्सिजन संयोग पावला, तर एक वायु होतो. ८ तोळे पावला, तर दुसरा. दुसऱ्यांतील ऑक्सिजन पहिल्याच्या बरोबर दुप्पट! परमाणु अखंड असून एकास एक किंवा एकास दोन असेच जोडले जातात, असें मानल्यास याचा उलगडा होतो. इ. स. १८०३ मध्यें त्यांनीं परमाणुभारांचें पहिलें कोष्टक तयार केलें व १८०८ मध्यें आपला सिद्धांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

मात्र एका रेणूंत किती परमाणु असतात, हें ओळखण्याचें साधन त्यांजपाशीं नव्हतें. पाण्यांत हायड्रोजनाचा एक व ऑक्सिजनाचा एक परमाणु आहे, असें त्यांनीं धरलें. त्यामुळें ऑक्सिजनाचा परमाणुभार १६ ऐवजीं ७ च्या आसपास आला. दोन माप हायड्रोजनास एक माप ऑक्सिजन लागतो, हें गे-ल्युसॅक यांनीं दाखविलें, इ. स. १८११ मध्यें अव्होगाड्रो यांनीं त्याचा अर्थ लावला. डाल्टन यांस तो पटला नाहीं. शेवटीं इ. स. १८६० च्या सुमारास कॅनिझारो यांनीं हा घोळ मिटविला. परमाणु फुटतो, हेंही पुढें कळून आलें.

इ. स. १८४४ च्या जुलै महिन्याच्या २७ तारखेस डाल्टन निवर्तले. आदल्या दिवशींही रोजनिशींत नोंद झाली होती. त्यांच्या अंत्यदर्शनास सुमारें ४०,००० लोक आले.

त्यांचीं कित्येक मतें आज टिकलीं नाहींत. परंतु तीं तपासून दुरुस्त करतां आलीं, कारण तीं मोजमापांत मांडलेलीं होतीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत तराजू हातीं घेतांना एवढें ध्यानांत ठेवावें.