दात बांधणाऱ्या दोराची उकल

वसमतच्या शिवारातला ऊस दातांनी सोलताना दात उपटून येत नाही. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. कोलॅजेन या प्रथिनाचे असंख्य तंतू त्याला हाडाशी बांधून ठेवतात आणि चावण्याचा दाब झेलतात.

या प्रथिनाची घडण शोधली जी. एन. रामचंद्रन यांनी. जन्म १९२२, एर्नाकुलम. बंगळुरूला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग सोडून ते सी. व्ही. रामन यांच्याकडे भौतिकशास्त्राला आले. पुढे मद्रास विद्यापीठात त्यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची क्ष-किरण चित्रे अभ्यासली. १९५४ मध्ये गोपीनाथ कार्था यांच्यासह त्यांनी मांडले, की कोलॅजेन म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, म्हणूनच पीळ घट्ट बसतो. क जीवनसत्त्व फारच कमी पडले तर तो टिकत नाही, हिरड्यांतून रक्त येते, दात हलू लागतात.

क्रिक आणि रिच यांनी आक्षेप घेतला: या रचनेत अणू फारच जवळ येतात. रामचंद्रन चिडून गप्प बसले नाहीत. अणू नेमके किती जवळ येऊ शकतात, हेच त्यांनी तपासायला घेतले. त्यातून १९६३ मध्ये रामचंद्रन आलेख आला. नोबेल मिळाले नाही, मिळायला हवे होते. २००१ मध्ये ते गेले. नव्या प्रथिनाची रचना आजही त्याच आलेखावर तपासली जाते.